सोळा जीबी लावली, आठच दिसते: हरवलेली रॅम शोधायची कशी

मागे नागपूरच्या इतवारीतून एक फोन आला. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं छापणारं लहानसं दुकान. काउंटरमागे एकच कॉम्प्युटर आणि सगळा धंदा त्याच्यावर. "दादा, आठची एक रॅम होती, आठची अजून एक टाकली, तरी हे आठच वापरून राहिलं. बसवणारा म्हणते बोर्ड गेला, नवीन घ्या. आता काय करावं जी?"

मी म्हटलं, काका, अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी तीन आकडे कागदावर लिहा आणि मला सांगा.

बसवलेली रॅम पूर्ण न दिसणं हा बिघाड दिसतो तेवढा गूढ नसतो. पण ती नेमकी कुठे अडली हे न बघताच नवी स्टिक (रॅमचा एक नग), नवा बोर्ड (मदरबोर्ड), फॉरमॅट असा उलटा प्रवास सुरू होतो आणि दोन-तीन हजारांत, कधी फुकटात, सुटणारी गोष्ट दहा हजारांवर जाते. ज्यांचं पोट त्या एका मशीनवर आहे त्यांना तो खर्च फार लागतो. म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरता येत असेल तर यातलं बहुतेक सगळं घरी करता येतं.

आधी तीन आकडे

पहिला आकडा स्टिकवरचा. रॅमवर चिकटवलेल्या लेबलवर ४ जीबी, ८ जीबी असं लिहिलेलं असतं. सगळ्या स्टिकची बेरीज करा. बिलावर विसंबू नका, लेबल स्वतः वाचा.

दुसरा आकडा बायोसमधला. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा, बोर्डातच असलेला लहान प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ २ हे बटण टपटप दाबत राहा (लॅपटॉपला कंपनीनुसार एफ २, एफ १० किंवा एस्केप). पहिल्याच पानावर एकूण मेमरी लिहिलेली असते, बहुधा एमबीमध्ये. ८ जीबी म्हणजे ८१९२ एमबी, १६ जीबी म्हणजे १६३८४. हार्डडिस्कचं गणित इथे लागत नाही. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. रॅम मात्र पहिल्यापासून १०२४ च्याच हिशेबाने बनते. तेव्हा "थोडी कमी दिसणारच" असं कोणी बायोसच्या आकड्याबद्दल सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

तिसरा आकडा विंडोजचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. इथे खाली उजव्या बाजूला दोन ओळी फार कामाच्या असतात. 'स्लॉट्स यूज्ड' म्हणजे किती खाचांमध्ये स्टिक आहे असं मशीनला वाटतं, आणि 'हार्डवेअर रिझर्व्हड' म्हणजे विंडोजला हात लावता येत नाही असा भाग. याशिवाय सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर बसवलेली रॅम आणि कंसात वापरता येण्याजोगी रॅम असे दोन आकडे येतात, तेही लिहून घ्या.

हार्डवेअर रिझर्व्हड शंभर-दोनशे एमबी असेल तर काळजी नको, ते सगळ्यांकडे असतं. १६ पैकी १५.८ दिसणं म्हणजे सगळं ठीक आहे. तो आकडा दोन, चार, आठ जीबीवर गेला की शोध सुरू करायचा.

इतवारीच्या काकांचे आकडे असे आले: स्टिकवर १६, बायोसच्या पहिल्या पानावर ८१९२, विंडोजमध्ये "१६ जीबी, पैकी ७.९ वापरण्याजोगी". हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं उलगडलं.

आता ढोबळ निवाडा. स्टिक आणि बायोस जुळतात, विंडोजच कमी दाखवतं, तर दोष बहुतेक विंडोजमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये आहे, कॅबिनेट उघडायची गरज नाही. बायोसच कमी दाखवत असेल तर विंडोजला कितीही फॉरमॅट मारा, फरक पडणार नाही. कारण विंडोजला रॅमचा हिशेब बायोसकडूनच मिळतो.

विंडोज कमी दाखवतं तेव्हा

सेटिंग्जमधल्या त्याच अबाउट पानावर 'सिस्टिम टाइप' बघा. तिथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम असं असेल तर उत्तर मिळालं. ३२ बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मांडता येतात, आणि तेही सगळे रॅमच्या वाट्याला येत नाहीत.

नागपूरकरांना हे लेआउटच्या उदाहरणाने चटकन कळेल. लेआउट पाडला की प्लॉटचे नंबर ठरावीक असतात, आणि त्यातली काही जागा रस्त्याला, बगीच्याला, सार्वजनिक वापराला आधीच राखीव जाते. ३२-बिट विंडोजच्या लेआउटमध्येही ४ जीबीच्या वरच्या टोकाची जागा ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, यूएसबी यांच्या पत्त्यांसाठी राखीव असते. म्हणून ४ जीबी बसवली तरी सव्वातीन-साडेतीन दिसते, आणि ८ बसवली तरी तेवढीच.

यावर उपाय एकच, ६४-बिट विंडोज. सिस्टिम टाइपच्या ओळीत पुढे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं असेल तर तुमचा प्रोसेसर त्यासाठी तयार आहे. पण ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावी लागते आणि सी ड्राइव्ह पुसला जातो. डेस्कटॉपवरच्या फाइली लोक आठवणीने घेतात, फॉन्ट विसरतात. पत्रिकांचं, टायपिंगचं काम करणाऱ्यांनी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचा संच आधी पेनड्राइव्हवर घ्यावा. जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला मशीनला लावावी लागणारी चावी) असेल तर त्याचा ६४-बिटचा ड्रायव्हर मिळतो का हे फॉरमॅट मारण्याआधी विचारा, नंतर नाही. विंडोज ९५ च्याही आधीच्या काळातले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. एखाद्याचं सगळं कामच अशा प्रोग्रामवर असेल तर ते मशीन आहे तसंच ठेवून रॅम दुसऱ्या मशीनला वापरा, असं मी सांगतो. ३२-बिटमध्येच जास्त रॅम दाखवणारे पॅच नेटवर फिरतात. धंद्याच्या मशीनवर ते टाकू नका.

विंडोज ६४-बिट आहे, तरी कमी? जुन्या विंडोज ७ मध्ये आवृत्तीचीही मर्यादा होती. ६४-बिट होम बेसिक ८ जीबीपर्यंत, होम प्रीमियम १६ पर्यंत, स्टार्टर तर अवघी २ जीबी. होम बेसिक आपल्याकडे पुष्कळ मशीनवर आली होती, त्यामुळे जुन्या कॅफेत किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ही अडचण अजूनही भेटते. विंडोज १० होम मात्र ६४-बिटमध्ये १२८ जीबीपर्यंत घेतं, तिथे आवृत्तीला दोष देता येत नाही.

यानंतर एमएसकॉन्फिग. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एमएसकॉन्फिग हे नाव इंग्रजीत टाइप करा. बूट या टॅबवर जा, तिथे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. 'मॅक्झिमम मेमरी' या ओळीपुढे टिक असेल तर ती काढा, ओके करा, मशीन रीस्टार्ट करा. बस. पुष्कळ व्हिडिओंमध्ये ही टिक लावून आकडा भरायला सांगतात. ते उलट आहे. ही सोय रॅम कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही. त्या चौकटीत चुकीचा लहान आकडा पडला तर विंडोज सुरू होणंही अवघड होऊन बसतं. बायोसमध्ये पूर्ण रॅम आणि विंडोजमध्ये बरोबर अर्धी, असं दिसलं की मी आधी इथेच बघतो. कोणीतरी "स्पीड वाढवायला" ही टिक लावलेली निघते.

ग्राफिक्सने घेतलेला वाटा

"८ जीबी, पैकी ५.९ वापरण्याजोगी" असं दिसतंय आणि प्रोसेसर एएमडीचा रायझन आहे? मग तुमची रॅम हरवलेली नाही, ती ग्राफिक्सकडे आहे. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो मुख्य रॅममधूनच वाटा उचलतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा पक्का वाटा बहुधा लहान असतो. रायझनच्या काही बोर्डांवर तो सरळ २ जीबी ठरवलेला येतो.

बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइज' असं काहीतरी सापडेल, बहुधा अॅडव्हान्स्ड विभागात ग्राफिक्सच्या नावाखाली. तिथे ५१२ एमबी ठेवा. ऑफिसचं काम, अभ्यास, व्हिडिओ बघणं यासाठी तेवढं पुरतं, आणि जास्त लागलंच तर ग्राफिक्स चालू असताना विंडोजकडून मागून घेतं. पोरगा त्याच मशीनवर गेम खेळत असेल तर मात्र त्याला विचारून बदला. काही गेम सुरू होतानाच ग्राफिक्सची मेमरी तपासतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर आतलं ग्राफिक्स बंद केलं तरी चालतं, फक्त मॉनिटरची वायर कार्डालाच लावलेली आहे ना ते आधी बघा.

जुन्या बोर्डांवर, साधारण जी३१, जी४१ (ही बोर्डावरच्या मुख्य चिपची नावं) च्या काळात, बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप' नावाची ओळ असायची. ६४-बिट विंडोज असेल तर ती एनेबल हवी. राखीव पत्त्यांखाली दबलेली रॅम त्याने ४ जीबीच्या वर नेऊन मांडली जाते.

बायोसच कमी दाखवतो तेव्हा: कॅबिनेट उघडण्याआधी

विंडोज पूर्ण बंद करा. यूपीएसचं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, एसएमपीएसची (कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर मागून काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आतमध्ये साठलेला करंट त्याने उतरतो. मदरबोर्डवर एखादा दिवा जळत असेल तर तो विझेपर्यंत थांबा.

स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साठणाऱ्या विजेचं भान ठेवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तोच करंट रॅमच्या चिपला मारू शकतो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा, आणि काम करताना मधूनमधून लावत राहा. स्टिक नेहमी कडेला धरायची, सोनेरी पट्टीला बोट लावायचं नाही.

पुसणं आणि बसवणं

नागपुरात रॅमच्या तक्रारी उन्हाळ्यात वाढतात, आणि त्याला कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घरोघरी कूलर लागतात, आणि खोलीत गार वारा येणारी जागा एकच असते, तिथेच टेबल, तिथेच कॉम्प्युटर. कूलर ओली हवा फेकतो, बारीक धूळ फेकतो, वाळ्याची किंवा गवताची जाळी जुनी झाली की पाण्याचे तुषारही फेकतो. पाणी जड असेल तर ते सुकल्यावर पांढरट क्षार उरतो. असं कॅबिनेट उघडलं की आत धुळीचा ओलसर, चिकट थर बसलेला असतो, ब्लोअरने उडत नाही असा. रॅमच्या पट्टीवर आणि स्लॉटमध्ये हाच थर बसतो. मशीन कूलरच्या झोतातून बाजूला सरकवणं हा रॅमच्या दुखण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

स्लॉटच्या टोकांना असलेले पांढरे किंवा काळे खटके बाहेर दाबा (काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो), स्टिक वर उचलली जाईल. ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. पट्टीवरचे सोनेरी दात एकसारखे चमकले पाहिजेत. जिथे तपकिरी किंवा धुरकट डाग दिसतो, बहुतेक करून एका टोकाला चार-पाच दातांवर, तिथेच संपर्क तुटलेला असतो.

साधा पांढरा मऊ खोडरबर घ्या. शाईचा निळा खरखरीत खोडरबर नको, त्यात वाळूसारखे कण असतात आणि सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. स्टिक टेबलावर कागद घालून आडवी ठेवा, एका हाताने कडेला धरा, आणि खोडरबर स्टिकच्या अंगाकडून बाहेरच्या दिशेने ओढा. मागे-पुढे घासू नका. दोन्ही बाजू. चुरा ब्रशने झाडा. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने शेवटी एक हात फिरवा आणि पाच मिनिटं सुकू द्या. रॉकेल, पेट्रोल, हातावर चोळायचं सॅनिटायझर, पॉलिश पेपर यांतलं काहीही वापरू नका.

स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि नवा गंज सुरू होतो. ब्लोअर मारा, नसेल तर नवा कोरडा टूथब्रश लांबीच्या दिशेने अलगद फिरवा.

बसवताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. डीडीआर ३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या, प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा बसत नसेल तर जोर लावू नका. ती त्या बोर्डाची नाहीच. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारखी दाबा. 'टक' असा आवाज दोन्हीकडून आला पाहिजे आणि खटके आपोआप आत आले पाहिजेत. खटके हाताने लावले म्हणजे रॅम बसली असं होत नाही. वरून बघितल्यावर सोनेरी रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसत असेल तर स्टिक तिरकी आहे. आठची चार किंवा सोळाची आठ दिसण्याची जी कारणं मला वारंवार सापडतात, त्यात ही तिरकी स्टिक पहिली आहे.

चार स्लॉटचा बोर्ड आणि दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बहुतेक बोर्डांच्या पुस्तिकेत हीच जोडी सांगितलेली असते.

एक स्टिक, एक स्लॉट

पुसूनही आकडा तोच राहिला तर अंदाज करणं सोडा आणि पाळीपाळीने तपासा. स्टिकना कागदी चिकटपट्टीवर क आणि ख अशी नावं द्या, स्लॉटना एक, दोन. मग नुसती क पहिल्या स्लॉटमध्ये लावून मशीन सुरू करा, बायोसचा आकडा लिहा. नुसती ख पहिल्या स्लॉटमध्ये, आकडा लिहा. यातून स्टिकचा निकाल लागला. आता चांगली ठरलेली स्टिक एकटीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. यातून स्लॉटचा निकाल लागला. प्रत्येक वेळी वायर काढायची आणि पॉवर बटण दाबून करंट उतरवायचा. कंटाळा येतो, पण याच कंटाळ्यात चांगले बोर्ड भंगारात जातात.

डीडीआर ५ च्या नव्या बोर्डांवर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काळी राहते, कधी कधी काही मिनिटं. बोर्ड नव्या रॅमशी वेग जुळवत असतो. घाबरून बटण दाबू नका.

इतवारीच्या दुकानात मी शनिवारी संध्याकाळी गेलो. पुसून फरक पडला नव्हता. क आणि ख दोन्ही पहिल्या स्लॉटमध्ये एकट्या बरोबर ८१९२ दाखवत होत्या. म्हणजे दोन्ही स्टिक निर्दोष. दुसऱ्या स्लॉटमध्ये कोणतीही एकटी लावली की डिस्प्लेच येत नव्हता. बसवणाऱ्याने याच टप्प्यावर "बोर्ड गेला" असं म्हटलं असणार. त्याचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं, पण एक पायरी राहिली होती. त्याकडे येतोच.

बोर्डाला झेपते किती, आणि कोणत्या जातीची

प्रत्येक बोर्डाची आणि प्रोसेसरची मर्यादा असते. डीडीआर २ चे जी३१ बोर्ड ४ जीबीपर्यंत, जी४१ चे ८ पर्यंत, एच६१ आणि एच८१ चे दोन स्लॉट मिळून १६ पर्यंत. एच६१ मध्ये १६ ची एकच स्टिक घालून काही होणार नाही, एका स्लॉटला ८ चीच मर्यादा आहे. बोर्डाचं नाव बोर्डावरच छापलेलं असतं, किंवा सीपीयू-झेड या फुकट प्रोग्राममध्ये मेनबोर्ड टॅबवर दिसतं. त्या नावाने कंपनीच्या पानावर मर्यादा शोधा.

जुन्या बोर्डांत आणखी एक अडचण असते, आणि ती पुष्कळ दुकानदारही सांगत नाहीत. ४ जीबीची डीडीआर ३ स्टिक दोन प्रकारे बनते, सोळा लहान चिप लावून किंवा आठ मोठ्या चिप लावून. जी४१ सारख्या जुन्या बोर्डाला मोठ्या चिप ओळखता येत नाहीत. मग ती स्टिक अर्धी दिसते किंवा डिस्प्लेच येत नाही, आणि नव्या मशीनमध्ये तीच स्टिक ठणठणीत चालते. अशा बोर्डासाठी रॅम घेताना दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेलीच मागा. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर ३ स्टिक तर फक्त एएमडीच्या ठरावीक जुन्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर नाही. लेबलवर 'एएमडी' असा शब्द दिसला तर विचारूनच घ्या. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) रॅम घ्यायला जाताना माझा सल्ला असा की कॅबिनेटच घेऊन जा. ऑटोत मांडीवर धरून नेण्याचा त्रास होतो, पण तिथल्या तिथे लावून आकडा बघता येतो आणि बदलीची कटकट राहत नाही.

सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम खूप स्वस्त मिळते. साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही.

स्टिकवर ३२०० लिहिलंय आणि २४०० किंवा २६६६ दिसतंय, ही वेगळी गोष्ट आहे. तो वेग आहे, क्षमता नाही. सीपीयू-झेडमध्ये तर ३२०० च्या रॅमपुढे १६०० दिसतं, कारण डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते आणि तो प्रोग्राम ठोके मोजतो. तुमची फसवणूक झालेली नाही.

सॉकेट, पिना आणि घट्ट आवळलेला स्क्रू

रॅम कुठे जोडलेली असते असं विचारलं तर बहुतेकजण बोर्ड म्हणतील. पण एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आत नेला. स्लॉटमधून निघालेल्या तारा बोर्डावरून सरळ प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये जातात. त्यामुळे सॉकेटमधली एक पिन वाकली, किंवा प्रोसेसर एका अंगाने नीट टेकला नाही, तर एक पूर्ण चॅनेल, म्हणजे एक किंवा दोन स्लॉट, मुका होतो. बाकी मशीन मजेत चालतं.

आणि आता ते वाक्य: "१६ जीबी, पैकी ७.९ वापरण्याजोगी". प्रत्येक स्टिकवर आठ पायांची एक बारीक चिप असते. तिच्यात त्या स्टिकचं नाव, क्षमता, वेग लिहिलेला असतो. ही चिप वाचायच्या तारा वेगळ्या आणि प्रत्यक्ष मेमरीच्या तारा वेगळ्या. म्हणून असं होऊ शकतं की बोर्डाला स्टिकची ओळख पटते, तो विंडोजला १६ सांगतो, पण त्यातल्या आठांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. हार्डवेअर रिझर्व्हड आठ जीबीच्या घरात दाखवतो तो हाच भाग. स्लॉट पूर्ण मेलेला असता तर बहुधा ओळखही पटली नसती. ओळख पटते पण रॅम मिळत नाही, असं दिसलं की माझी नजर सॉकेटकडे जाते.

मी काकांना विचारलं, एवढ्यात प्रोसेसरचा पंखा बदलला होता का? "हो ना. एप्रिलमधी लय गरम होऊन राहिलं होतं, मोठा पंखा बसवला." नवा पंखा चार स्क्रूंचा होता. प्रत्येक स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला, आणि रॅमच्या बाजूचा एक इतका की बोर्ड त्या कोपऱ्यात किंचित बाक धरून होता. डोळा बोर्डाच्या पातळीत आणून बघितलं तेव्हा ते दिसलं. दुसरा स्लॉट एप्रिलपासूनच बंद पडला असणार. तोपर्यंत तिथे स्टिकच नसल्यामुळे कोणाला कळलं नाही.

असं दिसलं तर चारही स्क्रू थोडे थोडे, तिरक्या समोरासमोरच्या जोडीने सैल करा. हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा ठोकळा) काढा, प्रोसेसरची उष्णता त्याच्याकडे नेणारी जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर सरळ वर उचला, आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने टाकून रांगा बघा. सगळ्या पिना एकाच तिरकेपणात चमकतात, वाकलेली वेगळी चमकते. वाकलेली दिसली आणि तुमचा हात थरथरत असेल तर तिथेच थांबा, भिंगाखाली काम करणाऱ्या कारागिराकडे न्या. एएमडीच्या एएम४ पर्यंतच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात. तिथे हीटसिंक ओढताना प्रोसेसरही उपटून येतो, म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, वायर काढा आणि हीटसिंक डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

त्या दुकानात एकही पिन वाकलेली नव्हती. प्रोसेसर पुन्हा बसवला, नवी पेस्ट तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने दोन-दोन फेरे देत, स्प्रिंग दबेपर्यंतच. दुसऱ्या स्लॉटमध्ये स्टिक लावली. बायोसमध्ये १६३८४.

बायोस रिसेट, आणि त्याआधीची सावधगिरी

सॉकेटही ठीक असेल तर बायोसची जुनी आठवण पुसून बघा. वायर काढलेली असताना बोर्डावरचा नाण्याएवढा सेल (सीआर २०३२, ३ व्होल्टचा) काढा, पॉवर बटण दाबून धरा, पाच-दहा मिनिटांनी परत लावा. सेल पाच-सात वर्षांचा असेल तर नवाच टाका.

पण त्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. जुन्या मशीनवर साटा मोड (हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयचा आयडीई झाला तर विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस समजतो की हार्डडिस्कही गेली. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिसेटनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी हाताशी ठेवा. बायोस अपडेटचा उपाय शेवटचा. कंपनीच्या पानावर रॅमच्या सुसंगतीचा उल्लेख असेल तरच करा, आणि यूपीएसची बॅटरी चांगली असतानाच.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात: आतली बॅटरी काढून किंवा तिची वायर सोडवूनच हात घाला, रॅमचा काही भाग बोर्डावरच झाळलेला आहे का हे मॉडेलच्या नावाने आधी शोधा, आणि स्टिक तिरकी आत सरकवून मग खाली दाबा. आत पुरती न सरकवता दाबली तर ती बसल्यासारखी वाटते, पण मशीनला ती रॅम दिसत नाही.

रात्रभराची परीक्षा

पूर्ण आकडा दिसला म्हणजे काम संपलं असं मी धरत नाही. कमजोर संपर्काची रॅम दिसते आणि गरम झाल्यावर दगा देते, कधी निळी स्क्रीन, कधी छपाईची फाइल सेव्ह होताना खराब. मेमटेस्ट८६+ हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करा. निदान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर. तो करता आला नाही तर विंडोजचं स्वतःचं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा, स्टार्टमध्ये नाव शोधलं की सापडतं. एकही लाल ओळ आली तर पुन्हा एक-एक स्टिक वेगळी तपासा. "फक्त एकच एरर आहे" असं समाधान करून घेऊ नका. आणि परीक्षा शक्यतो कॅबिनेटचं झाकण लावून घ्या, कारण रोजचं काम झाकण लावूनच होणार आहे.

काकांनी त्या रात्री मशीन चालू ठेवून शटर ओढलं. रविवारी सकाळी त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला, सहा फेऱ्या, शून्य चुका. दुपारी दुसरा फोटो आला. टास्क मॅनेजरमध्ये १५.९, आणि मागे एका पत्रिकेची फाइल उघडी, हळदीच्या रंगाची, मजकूर अजून भरायचा होता.